घोगरं बदक, ओरडणारं बदक आणि भिवराची झोप

एक होतं तळं आणि तळ्याकाठी होती भिवरा. राजाही होता, तो येईल मागाहून. चिंगे, पाय हलवू नकोस, सगळं पांघरूण खाली जातंय.

तर ही भिवरा राजाची बदकं सांभाळायची. त्या राज्यात एक रीत होती, बरं का. राजाची लेक सासरी निघाली की नावेत तिच्याबरोबर बदकांची जोडी द्यायची, एक नर, एक मादी. मग मादीचं पहिलं अंडं सासरहून माहेरी यायचं. वर्षात अंडं आलं नाही तर नवरीलाच परत पाठवायचे. वेडी रीत, पण होती.

राजकन्या इंदुमतीचं लग्न ठरलं आणि नेमकी कोल्ह्यानं मोठी बदकं खाल्ली. उरली तीन पिल्लं, दीड महिन्याची. एक पिवळं, एक काळपट, एक तपकिरी. तिन्ही नुसती चिवचिवायची. राजा म्हणाला, "भिवरे, तीन दिवसांत जोडी निवड. चुकलीस तर हे तळं सोडायचं." भिवराचा सगळा जन्म त्या तळ्यावर गेलेला. मग तिला घास गिळेना की एका जागी बसवेना.

पहिल्या दिवशी राजाचा रंगारी आला. म्हणाला, "पिवळी ती मादी, काळपट तो नर. यात अवघड काय?" भिवराला वाटलं, सुटले बाई. पण संध्याकाळी बघते तर पिवळ्याची लव झडलेली आणि खालून पांढरी पिसं आलेली. आज एक, उद्या दुसरा, असल्या रंगावर भरवसा कसा ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले. म्हणाले, "नराच्या शेपटीवर एक पीस वर वळलेलं असतं." खरंच होतं ते. पण चार महिन्यांचा झाल्याशिवाय ते वळत नाही. भिवरानं तिन्ही शेपट्या चारचारदा पाहिल्या. सगळ्या सरळ. मग ती तळ्याला फेऱ्या घालत राहिली. वऱ्हाडी तर येऊन बसलेले.

तिसऱ्या दिवशी काय झालं, पिल्लांचे आवाज फुटले. तपकिरी जे क्वॅक क्वॅक करत सुटलं, ते पार वाड्यापर्यंत. बाकी दोघांचा आवाज मात्र घोगरा, सर्दी झाल्यासारखा. राणी कानावर हात ठेवून म्हणाली, "ही शांत दोन द्या गं. असलं कजाग ध्यान लेकीबरोबर सासरी कसं पाठवायचं?" सगळा दरबार हो हो म्हणाला.

भिवराला आठवलं, पलीकडच्या काठावरून हाका मारायची ती नेहमी बदकीण. नर बिचारा घोगराच. गप्प राहावं, तर इंदुमती परत येणार. बोलावं, तर राणीचा शब्द मोडणार. पण ती बोलली. "राणीसाहेब, ओरडतेय तीच मादी. ही दोन्ही शांत म्हणजे दोन्ही नर. यांच्याकडून अंडं कुठलं यायला?"

राजा गरजला, "आणि चुकलं तर?"

"तर मी जाते, महाराज. पण जोडी मी सांगते तीच द्या."

मग तपकिरी आणि काळपट नावेत बसली आणि इंदुमतीबरोबर गेली. पांढरं झालेलं घोगरं मागे राहिलं. भिवरा रोज सकाळी त्याची शेपटी बघायची. एक महिना, दोन महिने. डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या महिन्यात एक पीस वर वळलं. चला, हा तरी नर निघाला. पण तिकडं ती?

मग एक दिवस नाव आली. नावेत टोपली, टोपलीत भात्याण, म्हणजे भाताचा पेंढा, आणि भात्याणात एक मोठं अंडं. बरोबर इंदुमतीचा निरोप होता, "भिवरामावशी, ही अजून तशीच ओरडते. हिचं ऐकून ऐकून मीसुद्धा आता मोठ्यानं बोलते." राणीनं अंडं दोन्ही हातांत घेतलं आणि भिवराच्या गळ्यात पडून रडली. राजानं तळं भिवराच्या नावे करून दिलं.

आणि भिवरानं काय केलं माहितेय? घोगऱ्याला दाणे टाकले, काठावरच गोधडी पसरली आणि भर दुपारी झोपली. सहा महिन्यांची झोप राहिली होती तिची. सगळी सुखात राहिली. चिंगे, मिटले का डोळे? मिट आता.