मन दाखवणारा झगा

बेथेलवाडीत कुणाचेही कपडे मळले की ते दबोराच्या आईकडे जायचे आणि पांढरेशुभ्र होऊन परत यायचे. पाळकसाहेबांचा अंगरखा, देवळातल्या मेजावरची चादर, गावातल्या मुलींचे झालरीवाले झगे, सगळं सगळं ती नदीवर धुवायची. आणि तिची स्वतःची मुलगी? तिच्याकडे होता एकच विटका निळा परकर, तोही गुडघ्यावर ठिगळ लावलेला.

दबोरा! नाव केवढं आणि मुलगी केवढीशी! इवल्या इवल्या दोन वेण्या, गालावर चिमुकली खळी. बाबा देवाघरी गेल्यापासून मायलेकी दोघीच होत्या. आई कपडे धुवायची आणि दबोरा टाचा उंचावून ते दोरीवर वाळत घालायची.

बेथेलवाडीत दरवर्षी कापणीचा सण व्हायचा. शेतातलं, परसातलं पहिलं फळ देवाचं. मग रविवारी सकाळी गावातली मुलं पांढरे झगे, पांढरे सदरे घालून रांगेने देवळात शिरायची. कुणाच्या हातात ज्वारीची कणसं, कुणाच्या हातात पिवळीधम्मक लिंबं! रांगेत मात्र पांढरंच घालायचं असा नियम होता. तो कुणी केला होता कुणास ठाऊक. देवाने तर नक्कीच केला नव्हता.

पांढरा झगा नाही म्हणून दबोरा दरवर्षी मागे चटईवर बसायची. या वर्षी मात्र तिच्या झोपडीच्या छपरावरच्या वेलाला एक भोपळा लागला होता. एकच, पण काय भोपळा! गोल गरगरीत, लालबुंद! दबोराने रोज त्याला हात लावून गुड मॉर्निंग म्हटलं होतं.

"आई, भोपळा मीच नेणार ना गं रांगेतून?"

आईने हातातला पिळा उगाचच पुन्हा पिळला. "मागून देऊ या आपण, बाळा. देवाला मागूनही दिसतं."

देवाला दिसतं हे दबोराला ठाऊक होतं. पण तिला चालायचं होतं! भोपळा घेऊन, गाणं म्हणत, अगदी पुढेपर्यंत! तिचे डोळे भरून आले. ती पळत देवळामागच्या बागेत गेली.

बागेतल्या शेवंतीला ती रोज पाणी घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण शेवंतीला तहान लागते ना! आज एका रोपट्याची मान वाकली होती. दबोराने डोळे पुसले, एक काडी रोवली आणि रोपट्याला अलगद टेकवलं.

तशी एक पिवळी कळी पटकन उमलली, आणि आतून निघाली एक परी! अंगठ्याएवढी! पंख निळे, जांभळे, सोनेरी, पायांत दवाचे पैंजण. छुम छुम छुम!

"मान अवघडली होती गं माझी," परी म्हणाली. "ज्याने ही बाग फुलवली त्यानेच मला धाडलंय. बोल, काय हवं?"

"पांढरा झगा, परीताई," दबोरा कुजबुजली. "रविवारपुरता."

परीने पंख झटकले आणि सोनेरी कणांतून झगा तरंगत खाली आला. पांढरा! इतका पांढरा की दबोराने डोळे मिचकावले.

"आता नीट ऐक," परी म्हणाली. "हा झगा चिखलाने मळणार नाही, धुळीने मळणार नाही. पण मन मळलं तर याच्यावर डाग पडेल. तो साबणाने जायचा नाही. खरं बोललीस, क्षमा मागितलीस की जाईल. आणि रविवारी देवळाची घंटा होईल तेव्हा हा ज्याच्या अंगात असेल, त्याचाच होईल, कायमचा."

आईने सगळी हकीकत ऐकली, झगा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग दबोराने तो घालून सरळ डबक्यातच उडी मारली. चिखल उडाला, पण झग्याला एक थेंब चिकटेल तर शपथ! आई हसून हसून खाली बसली. "अगं बाई! असे झगे सगळ्यांना मिळाले तर आपलं पोट कसं भरायचं?"

संध्याकाळी आईने विचारलं, "कोंबड्यांना दाणे टाकलेस का गं?"

"हो," दबोरा म्हणाली. टाकले नव्हते. छातीवर एक तपकिरी डाग उमटला.

तिने साबण लावला, राख लावली, रिठा घासला. डाग जागचा हलेना. शेवटी ती आईपाशी गेली, मान खाली घालून. "आई, मी खोटं बोलले. मी विसरले होते."

"मग आता जा. भुकेजल्या असतील बिचाऱ्या."

दबोरा दाण्यांची परडी घेऊन धावली आणि धावता धावताच डाग पुसून गेला. तिला एवढं हलकं वाटलं की तिने कोंबड्यांना दुप्पट दाणे टाकले.

पण मग तिच्या मनात भीती शिरली. पुन्हा डाग पडला तर? दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती केली. कुणाशी बोलायचं नाही, भांडायचं नाही, खेळायचंही नाही. नदीकाठच्या खडकावर ती हाताची घडी घालून बसली, अगदी शहाण्यासारखी.

शेजारच्या मार्थाकाकू पाणी भरायला आल्या. "दबोरा, जरा हंड्याला हात लाव गं, डोक्यावर घेते."

दबोरा गप्प. हंडा सांडला, काकू रागावल्या आणि मला राग आला तर? त्यापेक्षा ऐकूच आलं नाही असं दाखवावं. काकूंनी कसाबसा हंडा कमरेवर घेतला आणि कण्हत कण्हत निघून गेल्या.

दबोराने खाली पाहिलं. डाग नव्हता, पण सगळाच्या सगळा झगा करडा झाला होता, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा! ती रडत बागेत धावली.

"परीताई, मी काहीच केलं नाही!"

"तेच तर," शेवंतीतून आवाज आला. "अगं वेडाबाई, पवित्र राहायचं म्हणजे फळीवरच्या कपबशीसारखं राहायचं का? देवाला कामाची कपबशी आवडते. धुतलेली, पण हातातली."

दबोरा तशीच मार्थाकाकूंकडे पळाली. "काकू, मला हाक ऐकू आली होती. चुकले मी." आणि तिने काकूंचा रांजण कळशी कळशीने काठोकाठ भरून दिला. करडा रंग कधी गेला ते तिला कळलंही नाही, कारण ती काकूंशी गप्पा मारत होती.

रविवार उजाडला! देवळाला झेंडूची तोरणं लागली. आई पुढे गेली आणि दबोरा दोन्ही हातांनी भोपळा पोटाशी धरून मागून निघाली. वाटेत ओढा होता, आणि ओढ्यात बसली होती यूनीस.

यूनीस म्हणजे दुकानदाराची मुलगी. रांगेत पहिली तीच असायची. मागच्या वर्षी तिनेच म्हटलं होतं, "कपडे धुणाऱ्यांनी मागेच बसावं." आज ती पाय घसरून चिखलात पडली होती. नवाकोरा झगा काळाकुट्ट झाला होता आणि ती भोकाड पसरून रडत होती.

'बरी खोड मोडली!' दबोराच्या मनात आलं. आणि लगेच, खाली न बघताच, तिला आत कुठेतरी टोचलं. मग तिने पाहिलं. कॉलरवर डाग पडला होता.

"यूनीस," ती हळूच म्हणाली, "तू पडलीस ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं. मला माफ कर."

यूनीस एवढी चकित झाली की रडायचीच थांबली. पण तिचे ओठ पुन्हा थरथरले. "मी आता रांगेत कशी जाऊ? माझी आजी मुद्दाम बघायला आलीये."

दबोराने आपल्या झग्याकडे पाहिलं. कॉलर पुन्हा पांढरी झाली होती. थोड्याच वेळात घंटा होणार आणि झगा तिचा होणार, कायमचा! तिने भोपळा गवतावर ठेवला.

"चल झाडामागे," ती म्हणाली. "माझा तू घाल. तुझा मला दे."

यूनीसने झगा घातला मात्र, त्यावर भराभर डाग उमटले! पाठीवर, बाह्यांवर, सगळीकडे!

"घाबरू नको," दबोरा म्हणाली. "तो आपलं मन दाखवतो."

यूनीसने बाहीवरच्या डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी तुझ्या आईला वाईट बोलले होते. तुलाही. मला माफ करशील?"

"केलंच की."

एकेक डाग विरघळत गेला. आणि तेवढ्यात, टण! टण! टण! घंटा झाली. झगा यूनीसचा झाला. दबोराने भोपळा उचलला आणि दोघी धावत सुटल्या.

देवळाच्या दारात मुलांची रांग लागली होती. चिखलाने बरबटलेली दबोरा मुकाट्याने मागे वळली, तोच यूनीसने तिचा दंड घट्ट धरला. "ही माझ्यापुढे चालणार."

"अशा कपड्यांत?" कुणीतरी पुटपुटलं.

यूनीसने खणखणीत आवाजात सगळं सांगून टाकलं, ओढ्याचं आणि झग्याचंही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "दबोरा बाळ, भोपळा जड असेल ना? मग थांबलीस कशाला? चल पुढे."

पेटी वाजली, गाणं सुरू झालं, आणि दबोराने देवळात पहिलं पाऊल टाकलं. खिडकीतून सोनेरी ऊन आलं आणि चिखलाचे शिंतोडे एकेक करून उमलू लागले! इथे झेंडू, तिथे गोकर्ण, बाहीवर जाईजुई, घेरावर शेवंतीच शेवंती! पुढे पोचेपर्यंत झगा म्हणजे नुसती बागच झाली होती. मुलं आनंदाने ओरडली, आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मागे चटईवर बसलेली आई उठून उभी राहिली. ती रडतही होती आणि गातही होती.

उपासना संपली. पाळकीणबाईंनी भोपळ्याचे घारगे करायला घेतले. घमघमाट सुटला! दबोरा मात्र आधी बागेत गेली. परी शेवंतीवर बसून वाट पाहत होती.

"तो झगा गेला म्हणून वाईट वाटतं का गं?"

"थोडंसं," दबोरा म्हणाली, कारण ते खरं होतं. "पण परीताई, आता माझं मन मळलं तर मला कळणार कसं?"

परी खुदकन हसली. तिने आपला इवलासा हात दबोराच्या छातीवर ठेवला. "ओढ्याकाठी तू डाग बघितलास, त्याच्याआधी तुला कळलं होतं की नाही?"

दबोराने आठवून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "हो! आत टोचलं होतं!"

"ते माझ्या झग्याने नाही सांगितलं, बाळ. मला ज्याने धाडलं ना, तो तुझ्याशी बोलत होता. तो कुठेही जायचा नाही."

परीचे पंख लखलखले. निळा, जांभळा, सोनेरी उजेड सगळ्या बागेवर सांडला, आणि त्या उजेडातच ती मिसळून गेली. दबोरा छातीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, अगदी चूप, ऐकत. मग यूनीसने स्वयंपाकघरातून हाक मारली, तशी ती फुलाफुलांचा झगा सावरत धावत सुटली.