उत्तर देणारा खडक

पूर्वी ताम्रपल्ली नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्माला आला होता. त्याचे नाव भद्रजित. नगर तांब्याच्या खाणीवर जगत होते, आणि एकुलत्या एका मुलाचेही कोणी करणार नाही इतके लाड त्या खाणीचे चालत. तेल गाळले की आधी खाणीच्या दिव्यांना, लाकूड तोडले की आधी खाणीच्या टेकूंना, धडधाकट माणूस दिसला की तोही आधी खाणीत. विणकरांचे माग बंद पडले होते. शेतांत नांगर धरायला म्हातारे तेवढे उरले होते.

खाणकऱ्यांची एक जुनी रीत होती. बोगद्याच्या टोकाशी पहारीने खडक ठोकायचा आणि कान लावायचा. आतून ठोका परत आला, तर पुढे तांबे आहे असे समजून त्या बोगद्याला मागेल ते पुरवायचे. सर्वांत जुन्या बोगद्यातून कित्येक वर्षांत मूठभरही तांबे निघाले नव्हते. पण तिथला खडक न चुकता उत्तर देई, म्हणून सारे तिकडेच जाई. ज्या बोगद्यांत खरोखर तांबे होते, ते टेकूंवाचून ओस पडले होते.

एके दिवशी राजाने त्या बोगद्याच्या टेकूंसाठी झऱ्यावरचे शेवटचे रान तोडायची आज्ञा दिली.

"महाराज, ते रान गेले तर झरा आटेल," बोधिसत्त्व म्हणाला. "नगराने प्यायचे काय?"

"खडक बोलतोय, अमात्य. आता हात आखडता घेतला, तर आजवर घातलेले सगळे पाण्यात जाईल."

"मग खाली जाऊन खडकालाच विचारू."

राजा हसला, पण निघाला. भर दुपार होती. आत मात्र पावलागणिक गारठा वाढत गेला. टेकू नवे होते, तरी त्यांवर पांढरी बुरशी चढली होती. दिवे तेलाने काठोकाठ भरलेले, आणि ज्योती मोहरीएवढ्या. मजूर सामान ठेवून केव्हाच वर पळाले होते.

राजाने पहार उचलली. ती खडकाला लागण्याआधीच आतून ठोके आले.

राजा दचकून मागे सरला. बोधिसत्त्वाने शांतपणे विचारले, "आत कोण आहे?"

"भूक आहे," कोणीतरी म्हणाले.

तो आवाज राजाने ओळखला. लहानपणी मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारा त्याच्या आजोबांचा आवाज होता तो.

"तांबे संपले, हे मला कळले होते रे. तरी नगराच्या तोंडचे काढून मी इथे घालतच राहिलो. आता मेल्यावरही भूक न शमणारा प्रेत होऊन बसलो आहे. ठोकल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही पाठवता ते तोंडाशी येताच कुजते. ते रान पाठव, बाळा. पाठव ना. तुझ्यासाठी शेजारी जागा सरकवून ठेवली आहे."

राजाच्या हातून पहार गळाली. "बुजवा! हे तोंड आत्ताच्या आत्ता बुजवा!"

"बुजवले तर ते आत तसेच उपाशी राहतील, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने बुरशीने माखलेल्या खडकावर तळहात ठेवला. "आजोबा, इथे आणलेले तुमच्यापर्यंत पोचत नाही. वर जे पोटभर जेवतील, त्यांचे पुण्य पोचेल."

राजाने आज्ञा फिरवली. रान राखले. तेल घराघरांत गेले, लाकूड मागांना आणि जिवंत बोगद्यांना गेले, उरलेले हात शेतांकडे वळले. नवे धान्य आले तेव्हा राजाने आजोबांच्या नावाने साऱ्या नगराला जेवू घातले आणि मग एकटाच खाली उतरला. त्याने खडक ठोकला. बराच वेळ कान लावून उभा राहिला. आत काहीच नव्हते. तेव्हा इतके दिवस भ्यालेला तो राजा लहान मुलासारखा रडला.

ही कथा सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाले, "त्या वेळचा विजितसेन म्हणजे आपला हा भिक्खू आनंद. अमात्य भद्रजित मीच होतो. आणि आज सकाळी जो वृद्ध गृहपती तुम्हा सर्वांना आपल्या हाताने पेज वाढून, सर्वांच्या मागून जेवायला बसला आणि पहिला घास घेताना ज्याचे डोळे भरून आले, तोच त्या वेळचा प्रेत. जिथे पोचत नाही तिथून हात काढून, जिथे पोचते तिथे देणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता होय."