चढवलेली पट्टी

एका गावात जयवंत रणनवरे नावाचा एक गाणारा होता. आठवडाभर तो विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसायचा. उपासनेतलं गायन चालवण्याचं काम त्याच्याकडे होतं. पहिला सूर तो धरायचा आणि मग सगळी मंडळी त्याच्या मागून गायची. मंडळीचं गाणं म्हणजे कोणी पुढे, कोणी मागे, एखादा भलतीकडेच. पण चर्चचे पत्रे दणाणायचे आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे.

जयवंतला मात्र वाढायचं होतं. इच्छा काही वाईट नव्हती. तो पहाटे उठून रियाज करी, गुडघे टेकी आणि म्हणे, "प्रभू, तुझ्या सेवेसाठी माझा आवाज वर ने." आवाज खरोखरच वर गेला. पूर्वी गायनं काळी एकच्या पट्टीत व्हायची, ती म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपायची. जयवंतचा आवाज खुलायचा तो पांढरी चारमध्ये, तिच्यापेक्षा बराच वर. तेव्हा एका रविवारी त्याने सगळ्यांची पट्टी चढवली.

त्या दिवशी मागच्या बाकांवरचे पुरुष दुसऱ्या कडव्यालाच गप्प झाले. महिन्याभरात मधली बाकंही गप्प झाली. जयवंत डोळे मिटून गायचा, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. शांतता तेवढी ऐकू आली आणि ती त्याला भक्तीची वाटली. लोक तल्लीन झालेत, असं त्याने धरून टाकलं. माणूस स्वतःबद्दल धरायला बसला की चांगलंच धरतो, त्याला कोण काय करणार. उपासना संपली की त्याच्याशी हात मिळवायला रांग लागायची. "काय गायलात," असं म्हणत लोक आपापल्या घरी जेवायला जायचे.

त्याची बायको रूथ दुसऱ्या बाकावर बसायची. तिचा आवाज जाडसर आणि खालचा होता. लग्नाआधीपासून ती याच चर्चमध्ये त्याच्या मागून गात आली होती. पट्टी चढली त्याच आठवड्यात भाकरी थापताना ती म्हणाली, "अहो, जरा खाली घ्या ना. माझा आवाज पोचत नाही तिथं."

"सराव कर. पोचेल," जयवंत म्हणाला.

रूथ त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. रविवारी ती गायनाचं पुस्तक उघडायची आणि ओळींवरून नुसतं बोट फिरवायची. अशी दोन वर्षं गेली. मग तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती वारली.

दफनानंतरच्या रविवारी जयवंतला पेटीवर बसवेना. तो दुसऱ्या बाकावर, रूथच्या जागेवर जाऊन बसला. त्याच्याऐवजी शमुवेल गुरुजी पेटीवर बसले. त्यांना जयवंतनेच शिकवलं होतं. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे इमानाने पांढरी चार धरली आणि सांत्वनाचं गायन सुरू केलं.

जयवंतला त्या दिवशी दुसरं काहीच नको होतं. चार माणसांत उभं राहून ते एक गायन म्हणावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण रडून रडून घसा जड झाला होता. पहिली ओळ त्याच्या डोक्यावरून गेली. दुसरीला त्याने तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. त्याने आजूबाजूला पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच गायन चालू असताना त्याचे डोळे उघडे होते. सगळी मंडळी तोंड मिटून उभी होती.

शेजारी मार्था आजी होती. तिने ऐंशी कधीच ओलांडली होती आणि तिला अख्खं पुस्तक पाठ होतं. जयवंतने हळूच विचारलं, "आजी, तू गात नाहीस?"

"दोन वर्सं झाली, बाबा," आजी म्हणाली. "तू गातो, आम्ही ऐकतो. रूथ बी ऐकायची."

जयवंत घरी आला. दोन खोल्यांत तो एकटाच होता. रूथ ते गायन कशी म्हणायची, हे त्याने आठवून पाहिलं, पण तिचा आवाज काही केल्या आठवेना. त्याला फार एकटं वाटलं. आणि इतकं एकटेपण रूथ दोन वर्षं भरल्या चर्चमध्ये बसून सोसत होती, हेही त्याला त्याच दुपारी कळलं. त्या दिवशी त्याने गुडघे टेकले, पण मागायला त्याच्याकडे काही नव्हतं.

पुढच्या रविवारी तो पेटीवर बसला आणि काळी एक धरली. खालच्या पट्टीत त्याचा आवाज अगदीच साधा, थोडा खरखरीत लागायचा. पुढच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं, "दुःखानं घसा गेला बिचाऱ्याचा." ते जयवंतने ऐकलं. बोटं शिवशिवली. दुसऱ्या कडव्याला पट्टी चढवून सगळ्यांना गप्प करणं त्याला सहज जमलं असतं. त्याने पट्टी हलवली नाही. डोळेही मिटले नाहीत. गायन संपेपर्यंत मंडळीतली तिघंच गायली आणि उपासना सुटल्यावर हात मिळवायला कोणीही आलं नाही.

असे बरेच रविवार गेले. तिघांचे दहा झाले. मग मागची बाकं परत आली, कोणी पुढे, कोणी मागे, एखादा भलतीकडेच. एका रविवारी तेच सांत्वनाचं गायन आलं. तिसऱ्या कडव्याला जयवंत गाता गाता मध्येच थांबला. गाणं थांबलं नाही. गाणारा गप्प झालाय, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

जयवंत नुसती पेटी वाजवत ऐकत राहिला. त्यात मार्था आजीचा थरथरता आवाज होता, शमुवेल गुरुजींचा होता, सगळ्या गावाचा होता. एक जाडसर, खालचा आवाज तेवढा नव्हता, आणि आता पट्टी कितीही खाली घेतली तरी तो येणार नव्हता.

तात्पर्य: दुसऱ्यांना घेऊन देवाची स्तुती करायला जो बसतो, तो किती वाढला हे त्याचा आवाज कुठवर चढतो यावर ठरत नाही, त्याच्यासोबत किती जणांना गाता येतं यावर ठरतं, आणि खाली यायचंच असेल, तर आपलं माणूस सांगतं तेव्हाच यावं.