पोशाची रांग

ऐका तर मग. फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या तिणेऱ्यात पोशा नावाचा गडी राहायचा. तिणेऱ्याची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खोल. मध्ये एक मातीचा बांध, त्याच्या भरवशावर सगळं गाव जेवायचं. बैलांना न हलणारा दगड पोशा खांद्यावर घेऊन चालायचा, असं म्हणतात. बांधाला भोक पडलं की तो एकटाच जाऊन बुजवायचा. कुणी मदतीला आलं तर म्हणायचा, "बाजूला व्हा, पायात येऊ नका."

एका वर्षी, भात पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना, अमावास्येचं उधाण आलं आणि बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खारं पाणी शेतात मुरलं तर पुढं कित्येक वर्षं तिथं गवतही उगवत नाही. ओहोटी लागताच पोशा धावला. दगड टाकले, माती टाकली. भरती आली, सगळं घेऊन गेली. दुसऱ्या ओहोटीला पुन्हा तेच. मग पोशा चिखलात बसून लहान पोरासारखा रडला, असं म्हणतात.

गावातली सगळ्यात म्हातारी ठमाय काठी टेकत आली.

"रडतोस कशाला?"

"आता होत नाय माझ्यानं."

"मग हाक मार की! आमचे हात काय शेवग्याच्या शेंगा हायत?"

पोशानं जन्मात कुणाला हाक मारली नव्हती. मारली, ती खाडीपलीकडच्या डोंगरापर्यंत गेली, असं म्हणतात. घराघरातून माणसं आली. पण नुसता गोंधळ! जो तो पाटी घेऊन धावतोय, एकमेकांवर आपटतोय, आणि पोशा सगळ्यांच्या हातातलं ओढून घेतोय.

"एका जागी उभा रहा!" ठमाय ओरडली. "देतील ते घे, पुढं दे."

रांग लागली. चिखलाचे गोळे हातातून हातात जाऊ लागले. पोशाशेजारी भिकी होती, अंगानं काडी. तिला धाप लागली.

"भावजी, जरा दमानं."

पोशानं तिच्या हातांकडं बघत आपले हात सावकाश केले. त्यासरशी सगळी रांग एका लयीत चालू लागली.

माणूसभर फट उरली आणि भरती लागली. पोशा फटीत शिरला, खाडीकडं पाठ करून उभा राहिला. "द्या!" एवढंच म्हणाला. पाणी त्याच्या खांद्याला टेकलं आणि शेवटचा गोळा बसेपर्यंत तिथंच थबकलं, असं म्हणतात. मग त्याच हातांनी पोशाला वर ओढून घेतलं.

भात वाचलं. पोशानं बांध घातला असं कुणी म्हटलं की तो चिडायचा. "मी भिकीकडनं घेतलं आन् पुढं दिलं. बस!"

आजही पेरणीआधी तिणेरे बांधावर जमतं आणि रांग लावून बांधाला माती घालतं. त्याला 'पोशाला जाणं' म्हणतात. सगळ्यात दांडग्या गड्याला सगळ्यात नाजूक माणसाशेजारी उभं करतात. आणि बांध कुणी घातला असं विचारलं, तर ज्यानं त्यानं शेजारच्याचं नाव सांगायचं.