सोपाननं सांभाळलेली सदरं

शिरवली गावात सोपान नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याला नोकरी नव्हती तोवर त्याचा कुणाला त्रासही नव्हता. पण त्याचं लग्न झालं, आणि लग्न झालेल्या माणसाला नोकरी लागते.

बायकोचं नाव कुमुद. तिचे भालूमामा तालुक्याला ‘चित्रझुळूक’ नावाचं सिनेमाचं मासिक काढत. कुमुदनं मामांना गळ घातली. मामा म्हणाले, दिवाळीपर्यंत बघतो. जमलं तर कायम, नाही जमलं तर शिरवलीची गाडी. तालुक्याला कुमुदची एक खोली होती, एक स्टोव्ह होता आणि सासूबाई नव्हत्या. त्यामुळे सोपानची नोकरी टिकावी असं सोपानपेक्षा तिलाच जास्त वाटे.

मामांनी आधी वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर दिलं. म्हणाले, हे कॉलेजातली पोरं वाचतात. उत्तर एका ओळीत द्यायचं, आणि तिरकं द्यायचं.

“कळलं,” सोपान म्हणाला.

आणि त्याला खरंच कळलं होतं. प्रश्नोत्तरं छान झाली. मामा खूश झाले आणि त्यांनी ‘वहिनींचा सल्ला’ हे सदरही त्याच्याकडे दिलं. एका मुलीनं विचारलं होतं, तोंडावर पुटकुळ्या आल्यात, पुढच्या महिन्यात मुलगा बघायला येणार आहे, काय करू? सोपाननं एका ओळीत लिहिलं, मुलाला वीज गेल्यावर बोलवा.

मुलीची आई अंक घेऊन कचेरीत आली. ती गेल्यावर मामा बराच वेळ पाणी पीत होते. मग म्हणाले, “जावईबापू, हे सदर लग्नाच्या पोरी वाचतात. त्यांना ताई म्हणायचं. धीर द्यायचा. घरगुती उपाय सांगायचा.”

“कळलं.”

पुढच्या अंकाला ‘कुजबुज’ लिहायची होती. एक नायक घरी न सांगता एका नव्या नायिकेबरोबर थंड हवेच्या ठिकाणी दिसला होता. सोपाननं नायकाचं, नायिकेचं आणि हॉटेलचं नाव घातलं. मग त्याला नायकाच्या बायकोची दया आली. ताई, धीर सोडू नका, त्यानं लिहिलं, यजमानांना रोज अनशापोटी भिजवलेल्या मेथ्या द्या.

वकिलाची नोटीस आली. मामांनी समजावलं, की ‘कुजबुज’ ही आम्ही असलं वाचत नाही म्हणणारी माणसं वाचतात. तिथं नाव घ्यायचं नाही. नुसती खूण द्यायची. नाव वाचक आपलं आपण ओळखतो, मजा त्यातच असते.

“कळलं.”

पुढचं सदर वाढदिवसांचं होतं. सोपाननं लिहिलं, तीन तारखेला घाऱ्या डोळ्यांच्या एका नायकाचा वाढदिवस आहे, जाणकारांनी ओळखावं. मग ‘घाऱ्या डोळ्यांचे साहेब’ या नावानं पोतंभर भेटकार्डं कचेरीत येऊन पडली. मामा म्हणाले, ही चाहत्यांची जागा आहे. त्यांना नाव, वय, उंची, जन्मगाव, सगळं उघड लागतं. लपवायचं काही नाही.

कुमुदनं त्या दिवशी जेवताना विचारलं, “अहो, नक्की कळलं ना?”

“नेहमीच कळतं,” सोपान म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून ती आणखी घाबरली.

दिवाळी अंकात एका रहस्यपटाची कथा होती. सोपाननं पहिल्याच ओळीत लिहिलं, खुनी माळी आहे, वय पंचेचाळीस, उंची बेताची, जन्मगाव सातारा. सिनेमा लागला तेव्हा थेटरात डोअरकीपर तेवढा होता. निर्माता मामांच्या टेबलावर डोकं ठेवून रडला.

“अहो, कथेचा जीव शेवटात असतो,” मामा म्हणाले. “वाचकाला पार कडेपर्यंत न्यायचं आणि तिथंच सोडायचं. शेवट येऊन पाहा म्हणायचं. तरच माणूस घरातून उठतो. आता आणखी एक चूक, आणि तुम्ही शिरवलीला.”

“कळलं.”

मामांनी त्याच्याकडची सगळी सदरं काढून घेतली. आता बिनधोक काम म्हणून त्यांच्या मुलीच्या, शालनच्या, लग्नाची पत्रिका तेवढी दिली. त्यात चुकण्यासारखं होतं काय? कुमुदनं तरी विचारलंच, नावं घातलीत ना? सोपान म्हणाला, घालायची तेवढी घातली. त्यानं पत्रिका छापल्या, पाकिटं चिकटवली आणि स्वतः पेटीत टाकून आला.

लग्नाला उभा तालुका लोटला. न बोलावलेलेही आले. जो तो पत्रिका हातात धरून मान उंचावत होता. पत्रिकेत तारीख होती, मुहूर्त होता, कार्यालयाचा पत्ता ठळक होता. खाली लिहिलं होतं: चि. सौ. कां. शालन हिचं लग्न कुणाशी होणार? मांडवात येऊन पाहा.

मामांनी पत्रिका तिथंच पहिल्यांदा वाचली आणि ते मटकन खाली बसले. त्यांना बोलता येईना. कुमुदनं त्यांना वारा घालता घालता मनातल्या मनात स्टोव्ह बांधून ठेवला.

एवढ्यात दारात वाजंत्री वाजली. मग दुसरी वाजली. मग तिसरी. गावातल्या दोन होतकरू मुलांनी आपलंही नशीब बघावं म्हणून बाशिंग बांधलं होतं. तीन नवरदेव दारात ओळीनं उभे राहिले. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती. वऱ्हाडाला एसटी स्टँडवरून सोपाननंच आणलं होतं, म्हणून गुरुजी त्याच्याकडे धावले.

“अहो, यातला खरा कोण, तेवढं बोटानं दाखवा.”

सोपाननं हात जोडले. म्हणाला, “आधी लग्न लागू द्या, गुरुजी. शेवट आत्ताच सांगितला तर लोक उठून जातील.”