निळ्या हातांची भिंत

पूर्वी वेत्रवतीच्या काठी कुशावट नावाच्या नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका रंगाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव नंदिय. त्याच्या अंगणात जमिनीत पुरलेले सात रांजण होते आणि त्यांत नीळ आंबत असे. त्या निळीत बुडवलेले वस्त्र धुऊन धुऊन विरेल, पण विटणार नाही, अशी तिची ख्याती होती. लोक म्हणत, नंदियाच्या हाताला गुण आहे.

खरे तर गुण हातात नव्हता, जिभेत होता, आणि ती जीभ नंदियाची नव्हती. त्याची बायको सुमना रोज सकाळी प्रत्येक रांजणात बोट बुडवून जिभेला लावी. "याला चिमूटभर चुना हवा," "याला आज शिवू नका," एवढे सांगून ती चुलीकडे वळे. इतक्या वर्षांत तिच्या जिभेचा शेंडा निळा पडला होता, म्हणून ती हसताना तोंडापुढे पदर धरी. नंदियाला तिचे ते हसणे फार आवडे. पण पदर का धरते, हे त्याने कधी मनावर घेतले नव्हते. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, दिव्याखाली अंधार असायचाच.

त्या नगरातल्या रंगाऱ्यांची एक रीत होती. कामाला ठेवलेल्या माणसाला पौर्णिमेला पहिली मजुरी, म्हणजे पायलीभर भाताच्या साळी, ओटीत घालायची आणि त्याच्या निळ्या पंजाचा ठसा अंगणाच्या भिंतीवर उमटवून घ्यायचा. मालक मेला, तर भिंतीवर ज्यांचे हात, त्यांचे रांजण; मग भिंत नव्याने लिंपून हात पुन्हा उमटवायचे. नंदियाच्या भिंतीवर चार हात होते, एक त्याचा आणि तीन गड्यांचे. सुमनेचा नव्हता. घरच्या बाईला कसली मजुरी, असे सगळेच म्हणत, आणि तीही तसेच म्हणे.

एकदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख, वृद्ध गोमिल, आनंदाची बातमी घेऊन आला. राजाला राजवाड्याची वस्त्रे रंगवणाऱ्या आपल्या रंगशाळेसाठी रंगारी हवा होता. घर मिळणार होते, शेत मिळणार होते, मान तर होताच.

"बोल, तुझ्याकडे कामाचे हात किती?" गोमिलने विचारले.

"चार," नंदिय सवयीने म्हणाला.

सुमना तेव्हा तिसऱ्या रांजणापाशी बसली होती. तिचे बोट जिभेपर्यंत येता येता थांबले. मग तिने ते जिभेला लावले, चव घेतली आणि चौथ्या रांजणाकडे सरकली.

नंदियाने ते थांबलेले बोट पाहिले. त्याला आई आठवली. तीही याच अंगणात असेच बोट चाखीत असे. तो सहा वर्षांचा असताना वडील वारले. भिंतीवर वडिलांचा आणि काकाचा, असे दोनच हात होते, म्हणून रांजण काकाकडे गेले. काका पोटाला घाली, पण ज्या अंगणात आईच्या शब्दावर नीळ तयार होई, तिथेच ती शेवटपर्यंत दुसऱ्यांची वस्त्रे पिळीत राहिली. पुढे काकाने नंदियाचा हात भिंतीवर उमटवून घेतला, म्हणून काकामागे रांजण त्याच्याकडे आले. हे सारे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा आज "चार" म्हणाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोमिलसमोर गड्यांना मजुरी वाटून झाल्यावर नंदियाने पायली पुन्हा भरली आणि सुमनेसमोर उभा राहिला.

"पदर पसर."

सुमना मागे सरली. तिचे डोळे भरून आले. "अहो, माझ्याच घरात मला मजुरी? मी परकी झाले का तुम्हाला?"

"परकी नाहीस गं. उद्या मी नसलो, तर या अंगणातून तुला कोणी उठवू नये. माझ्या आईचा हात या भिंतीवर नव्हता, सुमने."

गोमिल घाईघाईने पुढे आला. "अरे वेड्या, थांब! भिंतीवर ज्यांचे हात, ते सगळे रंगशाळेत जातात, आणि तिथे बाईला प्रवेश नाही. हिचा हात उमटला, की राजाकडे तुझे नाव मी कसे देऊ? आधी तिकडचे पदरात पाडून घे, मग हवे तितके हात उमटव."

"गोमिलबाबा, आम्ही तिकडे गेल्यावर तो या ओस पडलेल्या अंगणातल्या भिंतीवर उमटेल. त्याचा हिला काय उपयोग?" नंदिय शांतपणे म्हणाला. "आणि तिथे नीळ चाखणार कोण? मी चाखली, तर सगळा राणीवसा शेवाळी लुगडी नेसून फिरेल."

सुमना रडता रडता हसली, आणि पदर तोंडापुढे धरायचा विसरली. मग तोच पदर तिने पसरला आणि साळी घेतल्या. साळी बाजूला ठेवून तिने रांजणात पंजा बुडवला आणि नंदियाच्या हाताशेजारी भिंतीवर टेकवला. सगळ्यांना वाटले, झाले. पण तिने पुन्हा पंजा बुडवला आणि आपल्या ठशाच्या वर, थोडा उंच, दुसरा उमटवला.

"दोन कशाला गं बाई?" गोमिलने विचारले.

"हा सासूबाईंचा," सुमना म्हणाली.

रांजणातून निघालेली नीळ आधी हिरवी दिसते, वारा लागला की निळी होते. ते दोन्ही हात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू निळे झाले. नंदिय भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला. राजाला दुसरा रंगारी मिळाला, आणि नंदियाच्या अंगणात रोज सकाळी सात रांजण चाखले जात राहिले.

शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना ही कथा सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा गोमिल म्हणजे आज तुमच्यात मागे बसलेला तो वृद्ध भिक्षू. सुमना ती राहुलमाता, माझी गृहस्थाश्रमातली पत्नी. जिचा हात सुनेने उमटवला, ती आई म्हणजे मला वाढवणारी गौतमी. आणि चार म्हणून चुकलेला तो रंगारी मीच होतो. आपले असते ते देणे म्हणजे दान. ज्याचे आहे, ते त्याचेच म्हणून चारचौघांत सांगणे म्हणजे कृतज्ञता. त्या जन्मी मी ती शिकलो."