जांभळींखालचे नेचे

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक लेक हेमावती लग्न होऊन दूरच्या बेटावर गेली. पहिल्याच वर्षी तिने गलबतातून पाच रोपे पाठवली. ती होती नेच्यांची. आपल्याकडचा नेचा गुडघ्याएवढा. हे मात्र झाडासारखे खोड धरून वाढणारे.

हैबती माळ्याने ती राजवाड्यामागच्या जांभळींच्या राईत लावली. पाणी तो मुळाशी न घालता खोडावर घाली, कारण या नेच्यांची तहान खोडाला असते. बारा वर्षांत ते माणसापेक्षा उंच झाले. त्यांच्याखाली हिरवा उजेड पडे, तळ्याच्या तळाशी असावा तसा. राजा दुपारी तिथे जाऊन बसे. वर एखादे कोवळे पान हळूहळू गुंडाळी सोडत असे, आणि राजाला वाटे, आता यातून लेक डोकावेल. म्हातारपणी त्याला तेवढाच विरंगुळा होता.

एका चैत्रात निरोप आला. वैशाख संपता संपता हेमावती माहेरी येणार होती.

राजाला काय करू आणि काय नको असे झाले. लेकीला वाड्याच्या पायरीवरूनच तिचे नेचे दिसले पाहिजेत, असे त्याच्या मनाने घेतले. मध्ये जांभळी आड येत होत्या. त्याने त्या तोडायचा हुकूम दिला.

हैबती हात जोडून म्हणाला, "सरकार, नेचे सावलीत वाढलेत. वैशाखाचं ऊन त्यांना सोसायचं नाही."

"जांभळी काय, बांधाबांधावर आहेत," राजा म्हणाला. "त्या बघायला माझी लेक समुद्र ओलांडून येते होय?"

कुऱ्हाडी चालल्या. आठ दिवस नेचे पायरीवरून झकास दिसले. मग पाने कडांनी करपली आणि खोडाला लोंबू लागली. हैबती दिवसातून चारदा खोडे भिजवी, पण डोक्यावर छप्परच उरले नव्हते.

हेमावती आली तेव्हा राजा पायरीवर मान खाली घालून उभा होता. "पोरी, तुझे नेचे मला जपता आले नाहीत," तो कसाबसा म्हणाला.

ती उघड्या पडलेल्या राईकडे बघत राहिली. "आबा, नेच्यांची तिकडे रानंच्या रानं आहेत. जांभूळ मात्र एक नाही. माझ्या जांभळींना सोबत म्हणून मी ते धाडले होते. बारा वर्षं जांभळींखाली बसायचं मनात धरून होते मी. कुठे गेल्या त्या?"

त्या पावसाळ्यात राजाने स्वतःच्या हाताने जांभळाच्या बिया पेरल्या. त्यांची सावली पडायला वीस वर्षे लागली. राजा तोवर राहिला नव्हता.

तात्पर्य: परक्या नवलाईपायी घरची सावली तोडली, की नवलाईही टिकत नाही आणि सावलीही आपल्या हयातीत परत मिळत नाही.